गणवेशाचा फोटो पुढे पाठवण्याआधी

जून उजाडला की रायपूरच्या पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गजबजतात. वह्यांच्या यादीमागोमाग एखादा फोटो येतो: ‘या शाळेने अमुक कपड्यांची सक्ती केली!’ शाळा कुठली, वर्ष कुठले, याचा पत्ता नसतो. संताप मात्र ताजा असतो.

असा संताप कुठवर जातो, याचे एक उदाहरण: ८ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटकात मंड्याच्या महाविद्यालयात हिजाब घातलेल्या विद्यार्थिनीला जमावाने घोषणा देत घेरले. तो व्हिडिओ खरा होता. पाठोपाठ मात्र दुसऱ्याच महिलेचे जीन्समधले फोटो तिचे म्हणून फिरवले गेले. तिकडे उच्च न्यायालयात गणवेशासोबत हिजाब घालण्यावर युक्तिवाद चालू होता आणि इकडे एका मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत होते.

खोटेपणा तारखेतही लपतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना लागू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात निर्णय फिरला आणि गणवेश ठरवण्याचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. जुना शासन निर्णय (जीआर) आज फिरवला, तर अस्सल कागदही दिशाभूल करतो.

म्हणून आधी फलकावरची लिपी पाहा, गाडीच्या नंबरात छत्तीसगडचे ‘सीजी’ आहे की कर्नाटकचे ‘केए’ ते पाहा, गूगल लेन्सने मूळ फोटो शोधा. मेसेजवर दुहेरी बाण असेल, तर तो अनेक हातांतून आला आहे असे समजा. शंका उरली तर थेट मुख्याध्यापकांना विचारा. गणवेशाच्या नियमांवर वाद जरूर घालू, पण खऱ्या कागदावर बोट ठेवून. लेकरांची बदनामी करून नव्हे.