चाळीसगावचा टांगा आणि आपली सायकल

1 डिसेंबर आला की जळगावात आणि धुळ्यात लाल फितीच्या रॅली निघतात. कॉलेजची मुले, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, पुढे बॅनर, कुठे कुठे सायकलीही. साहेब हिरवा झेंडा दाखवतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. आमचा अशा रॅलीला विरोध नाही. पण ती मोठ्या रस्त्याने जाते आणि मोठ्या रस्त्यानेच परत येते. आपल्या वस्तीच्या कमानीतून ती आत येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की ही सायकल आता विहार समित्यांनी हाती घ्यावी. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जावे, आणि एचआयव्ही असलेले व नसलेले सगळे एकाच रांगेत चालवावेत.

कोणी म्हणेल, लोकांना माहिती आहेच की! खरे आहे. दहावीतल्या पोराला विचारा, तो धडाधड सांगेल: असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकमेकांची सुई, आणि बाधित आईकडून बाळाला. हात मिळवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही. हे सारे पाठ आहे. तरी पण त्याच घरातल्या सुनेचे ताट वेगळे ठेवले जाते. मयताला आंघोळ घालायला कोणी पुढे येत नाही. जलदान विधीला माणसे येतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि पाण्याचा घोटही न घेता उठतात. मागून हळूच कोणी म्हणते, "त्याले तो आजार शे." माहिती डोक्यात राहिली आणि हात मागेच राहिला.

याचा परिणाम थेट औषधावर होतो. आज एचआयव्हीवर बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. 1 एप्रिल 2004 पासून सरकार हे उपचार मोफत देते, आणि 2017 पासून निदान झाले की सीडी-4 कितीही असो, गोळ्या लगेच सुरू करायच्या असे धोरण आहे. गोळी रोज न चुकता घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. बाधित आईवर उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याचा धोका 15 ते 45 टक्के असतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो 5 टक्क्यांच्या खाली येतो. एवढे मोठे काम ती छोटी गोळी करते. पण ती डबीवरचे लेबल खरवडून, धान्याच्या कोठीमागे लपवून घ्यावी लागली तर? पाहुणे आले म्हणून आज राहिली, लग्नाला गेलो म्हणून चार दिवस राहिली. गावात कोणी पाहील म्हणून जळगावचा माणूस गोळ्या आणायला धुळ्याला जातो आणि धुळ्याचा नाशिकला. एसटीचे भाडे जाते, मजुरी बुडते, मग एखादा महिना जाणेच होत नाही. गोळ्या अशा तुटत गेल्या की विषाणू त्या औषधाला जुमानत नाही. तेव्हा शेजाऱ्यांची कुजबुज हीसुद्धा आजार वाढवणारी गोष्ट आहे, हे आरोग्याच्या पानावर स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

आपल्या घरांत एक वेगळा युक्तिवादही ऐकू येतो. तिसरे शील मोडले म्हणून झाले, आपल्या कर्माचे फळ. शील हे स्वतःला आवरण्यासाठी घेतलेले असते, दुसऱ्याला मोजण्याची ती फूटपट्टी नव्हे. आणि कर्माचे म्हणाल, तर मागल्या जन्माच्या पापाने या जन्मी दुःख येते हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये साफ नाकारला आहे. लग्न करून आलेल्या, नवऱ्याशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या बाईने कोणते शील मोडले? जन्मलेल्या बाळाने कोणते? तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या, सोबतच्या भिक्खूंनी टाकून दिलेल्या भिक्खूला आनंदाला घेऊन स्वतः धुतले. आजार कशाने झाला, ही चौकशी त्यांनी आधी केली नाही.

आता टांग्याची गोष्ट. ती आपल्या खान्देशातली आहे आणि बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. 23 ऑक्टोबर 1929 रोजी ते धुळ्याचे काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसे त्यांना मुक्कामाला घेऊन जायला स्टेशनवर आली होती. पण टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा. वस्तीतल्या ज्याने टांगा घेतला त्याला हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, घोडा व टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

टांगेवाल्याने पैसे नाकारले नाहीत, टांगाही नाकारला नाही. त्याने नाकारले ते सोबत बसणे. ही गोष्ट आपण दर जयंतीला भाषणात सांगतो आणि आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण एचआयव्ही असलेल्या आपल्याच माणसाशी आपण कसे वागतो? वर्गणी देतो, मेणबत्ती लावतो, लाल फीतही टोचतो. जेवणाच्या पंगतीत मात्र एक जागा सोडून बसतो.

म्हणूनच आम्हाला सायकल महत्त्वाची वाटते. ती शेजारी शेजारी चालवायची गोष्ट आहे. पोस्टर एकट्याने वाचता येते, सायकलवर मात्र दमलेल्याला डबल सीट घ्यावेच लागते. चळवळीला ती नवीही नाही. 1983 मध्ये कांशीराम यांनी डीएस-फोरचे शंभर सायकलस्वार घेऊन दिल्लीपासून राज्याराज्यांतून फेरी काढली होती. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यापर्यंत सायकलच पोचते. एचआयव्हीसाठी सायकल काढणारेही आहेत. बंगालच्या सुंदरबनातले सोमेन देबनाथ 2004 मध्ये सायकलवर निघाले आणि हीच माहिती सांगत शंभराहून जास्त देश फिरले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी 545 मैलांची, सात दिवसांची फेरी 2025 पर्यंत निघत असे. तीत 'पॉझिटिव्ह पेडलर्स' नावाचा गट होता. आम्हाला एचआयव्ही आहे, असे उघड सांगून ते सायकल चालवत.

ते धाडस मोठे आहे, पण ते आपल्या वस्तीवर लादू नये असे आमचे ठाम मत आहे. इथे एका बाईचे नाव फुटले तर तिच्या हातचे धुणीभांड्याचे काम जाते. आपल्या फेरीत कोणाच्या शर्टावर काही लिहिलेले नसावे, स्टेजवर कोणाला बोलावून 'हे बघा' असे दाखवू नये. कोणी स्वतःहून बोलला तर त्याचे ऐकावे. रांगेत कोणाला आहे आणि कोणाला नाही हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही, हेच त्याला दिसले पाहिजे.

कायदाही याच बाजूचा आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. बायांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: नवरा गेला म्हणून किंवा एचआयव्ही आहे म्हणून सासरच्या राहत्या घरातून तिला हाकलता येत नाही, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. किती विहारांच्या फलकावर हे लिहिले आहे?

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर होते. बांभोरीचा गिरणा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. हौशी सायकलवाले ते एका दिवसात काढतील, पण आपल्याला शर्यत लावायची नाही. 1 आणि 6 डिसेंबर एकाच आठवड्यात येतात. चैत्यभूमीला निघण्याआधीचे दोन दिवस घ्यावेत आणि पारोळ्याला मुक्काम करावा. हायवेवर ट्रकची गर्दी असते, त्यामुळे लहान मुले नकोत, एकेरी रांग, मागे लाल रिफ्लेक्टर आणि शेवटी एक गाडी. ज्या वस्तीत थांबू तिथे भाषण दहा मिनिटांचे, बाकी वेळ प्रश्नांना. सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीमधला समुपदेशक आधी सांगून बोलवावा; तपासणी मोफत असते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. ज्याला सगळ्यांसमोर विचारायचे नसेल त्याच्यासाठी 1097 हा मोफत फोन नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवावा आणि तो पुसू नये.

जेवण वस्तीने करावे, वाढणारे आणि जेवणारे मिसळून बसावेत, आणि पाणी सगळ्यांना एकाच माठातले द्यावे.