गरीचा धनी

मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या सर्वणात माणसे दोन प्रकारची होतात. काही छत्री शोधतात आणि काही गरी. मी पणजीच्या कचेरीत नस्त्यांवर शेरे लिहिणारा कारकून. छत्री घेऊन सकाळची बस पकडणे हे माझे कर्तव्य. पण मन मात्र गरी घेऊन वहाळावर गेलेले असते. हे दिवस थिगूर चढायचे!

बाजारातल्या बांगड्या-इसवणावर वाढलेल्या आजच्या पोरांना थिगूर म्हणजे काय हे सांगावे लागते. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, आणि कल्ल्याजवळच्या परांना असा काटा की एकदा हाताला लागला की जन्मभर आठवण राहावी. त्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच. कल्ल्यांच्या वर त्याला झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असते, त्याने तो वर येऊन हवेतला श्वास घेतो. म्हणून चिखलात जगतो, ओल्या बांधावरून सरपटत एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातो. पश्चिम घाटाच्या पाण्यातला जो आपला अस्सल थिगूर, त्याला शास्त्रज्ञ क्लॅरियस डुसुमिएरी म्हणतात. आमच्या आजोबांना हे नाव माहीत नव्हते, पण मासा माहीत होता.

आजोबांची गरी मला आठवते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा तरंगायला, एक दोरी आणि एक गरी. गरीला गांडूळ. काठावर बसून विडी ओढायची आणि लाकूड बुडाले की ओढायचे. आज पांगाऱ्याची जागा पाण्याच्या रिकाम्या बाटलीने घेतली आहे आणि दोरीची तंगुसाने. एका बाटलीखाली तीन-तीन, चार-चार गऱ्या. अशा दहा-वीस बाटल्या तिन्हीसांजेला वहाळात सोडायच्या, घरी जाऊन जेवून झोपायचे आणि सकाळी गोळा करायच्या. सापडल्या तर! ही काही आपलीच अक्कल नव्हे. अमेरिकेत मिसिसिपीसारख्या नद्यांवर मिशीवाले मासे असेच डबे सोडून धरतात, त्याला ते जग फिशिंग म्हणतात. पण तिथल्या अनेक राज्यांत डब्यावर मालकाचे नाव आणि पत्ता लिहिणे कायद्याने सक्तीचे आहे. आम्ही डबा उचलला, नाव तेवढे राहिले.

मीही त्यातलाच, हे आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी अशाच सात बाटल्या मी सोडल्या होत्या. रात्री पाऊस वाढला, सकाळी पाचच सापडल्या. कचेरीला उशीर होत होता, मी दोन बाटल्यांवर पाणी सोडले. चार दिवसांनी खाली कोंडाकडे एक बाटली वेताच्या जाळीत अडकलेली दिसली. तंगूस मुळांना गुंडाळलेला आणि त्याच्या टोकाला पाण्याखाली एक कासव. गरी गिळून बसलेले, वर श्वास घ्यायला येता आले नसेल. बाजूला उभा असलेला शेजारचा म्हातारा इतकेच म्हणाला, "गरयेचो धनी खंय?" मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला त्या कासवापेक्षा जास्त छळते.

तेव्हापासून गरीचा विचार मी जरा गंभीरपणे करू लागलो. लोक म्हणतात, गरी ती गरी, त्यात काय निवडायचे? खूप काही. आपण वर्षानुवर्षे वापरतो ती सरळ दांडीची, इंग्रजी जे अक्षरासारखी गरी. ती हाताने झटका देणाऱ्यासाठी आहे. बाटलीजवळ झटका द्यायला कोणी नसतो. मासा सावकाश गिळतो आणि गरी पोटात जाते. दुसरी आहे ती गोल गरी, जिचे टोक आत दांडीकडे वळलेले असते. मासा आमिष घेऊन वळला की ती बहुतेक वेळा घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसते. झटका नकोच. मासा धडधाकट राहतो, लहान निघाला तर सोडता येतो. न राखलेल्या दोरीला हीच गरी योग्य.

आकड्यांचा घोळही समजून घ्यावा. नुसता आकडा असेल तर आकडा वाढतो तशी गरी लहान होते, पण पुढे तिरकी रेघ आणि शून्य आले की आकड्याबरोबर गरी मोठी होते. सरकारी परिपत्रकसुद्धा याहून सरळ असते! हातभर थिगुराला 1/0 च्या आसपासची गरी पुरते. त्याहून बारीक घेतली की बोटभर पिल्लेही अडकतात. एका बाटलीला एकच गरी. शिसे सगळ्यांत खाली, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी, कारण थिगूर रात्री तळाशी वास घेत फिरतो. मध्ये पितळी फिरकी, कारण अडकलेला थिगूर गरागरा फिरून तंगुसाला पीळ घालतो. आणि बाटली मोकळी न सोडता दगडाला किंवा काठाला बांधावी. आमचा वहाळ म्हणजे मिसिसिपी नव्हे.

शिवाय इतर मासे अडकले की लवकर मरतात, थिगूर मरत नाही. हवेतला श्वास घेत तो रात्रभर गरीला जिवंत लोंबकळतो. हे ठाऊक असूनही आपण घोरत पडायचे? दर दोन तासांनी बॅटरी घेऊन फेरी मारणे होत नसेल तर त्या रात्री गरी टाकू नये.

आणि दिवसही पाहावेत. जून-जुलैत समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, ती आपल्याला पटते. पण त्याच दिवसांत अंड्यांनी भरलेला थिगूर मळ्यात चढताना आपण अडवतो आणि त्याला परंपरा म्हणतो. परंपरेत एक गरी होती, वीस बाटल्या नव्हत्या. थिगूर कमी झाले की आम्ही खाणींकडे बोट दाखवतो. ते खोटे नाही. खाणी 2012 साली थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, 2018 साली परत थांबल्या, पण कोंडात बसलेला गाळ काही निकालपत्राने उठत नाही. तरीही दुसऱ्याकडे दाखवलेल्या बोटाला आपलाच तंगूस गुंडाळलेला आहे, हे दिसायला हवे.

एक अपवाद सांगतो. गरीला आफ्रिकन मांगूर लागला तर तो परत पाण्यात सोडू नये. दिसायला थिगुराचाच भाऊ, पण मीटरभर वाढतो आणि समोर येईल ते खातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली ती उगाच नव्हे. तिथे दया म्हणजे बाकीच्या माशांवर अन्याय.

आता मी पावसाचा जोर ओसरल्यावर तीनच बाटल्या सोडतो. प्रत्येकीवर न पुसणाऱ्या शाईने नाव आणि वाडा लिहितो. वाड्यावरची पोरे हसतात, "काकांनी बाटलीलासुद्धा आवक क्रमांक दिला!" हसू द्या. कचेरीत निनावी अर्ज आला की तो कोणाचाच नसतो, कोणी त्याला उत्तर देत नाही. निनावी गरीचे तसेच आहे.

गेल्या वर्षी एक बाटली दोर तुटून वाहून गेली. तिसऱ्या दिवशी खालच्या वाड्यावरचा एक पोरगा ती घेऊन दारात उभा. "काका, तुमची गरी." गरी रिकामी होती. बाटली हातात घेतली आणि म्हटले, "होय रे, माझीच."