घर आणि यंत्र : दोन टाक्या, एक कांटा

घरांतील यंत्रांविषयीं ह्या पानांवर लिहितांना मी सहसा दुसऱ्यांच्या चुका सांगतों. आज स्वतःच्या घरची सांगावयाची आहे, आणि सांगतांना थोडी लाजहि वाटते. पण जी चूक एका वडीलधाऱ्या माणसाच्या जिवावर बेतूं पाहत होती, ती झांकून ठेवण्यांत शहाणपण नाहीं.

आमचें घर पिंपळगांव बसवंत येथील. गांव निफाड तालुक्यांत, मुंबई-आग्रा हमरस्त्यावर. नाशिकपासून सुमारें 30 किलोमीटर. द्राक्षें, कांदा आणि टोमॅटो ह्यांनीं गांवाचें नांव दूरवर नेलें आहे. आमचा मळा हमरस्त्यापासून बराच आंत आहे, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल असा कांहीं धरतो कीं साध्या मोटारीचीं चाकें जागच्या जागीं फिरत राहतात. म्हणून चारहि चाकांना जोर मिळेल अशी एक जुनी गाडी आम्हीं घेतली. तिला डिझेलच्या दोन टाक्या आहेत. पुढली 60 लिटरांची, मागली 40 लिटरांची. डिझेल किती आहे हें दाखविणारा कांटा मात्र एकच. गाडी चालविणारे आम्ही चौघे : थोरले बंधु अण्णा, मी, आणि अण्णांचे दोघे मुलगे.

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं दोनच्या सुमारास आमच्या काकूंना श्वास लागला. काकूंचें वय 81. मीं गाडी काढली. कांटा पाहिला, तो पाऊण टाकी दाखवीत होता. मनाशीं म्हटलें, नाशिकला चार वेळां जाऊन येतां येईल. काकूंना मागें निजवून वहिनींनीं त्यांचें डोकें मांडीवर घेतलें आणि आम्ही निघालों. ओझर जवळ आलें तों इंजिनानें दोन-तीन आचके दिले आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कांटा अजूनहि पाऊणवरच होता!

धाकट्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, मीं परवां कॉक मागल्या टाकीकडे फिरवला होता. तुम्हांला सांगायचें राहिलें.” मीं कॉक पुढल्या टाकीकडे फिरविला. पण डिझेलचें इंजिन एकदां कोरडें पडलें, कीं नुसतें डिझेल पोहोंचून तें चालू होत नाहीं. नळ्यांत हवा शिरते. ती काढावी लागते. त्यासाठीं फिल्टरवरचा स्क्रू सैल करावयाचा, हातपंप दाबीत राहावयाचें, आणि बुडबुडे थांबून निखळ डिझेल येऊं लागलें म्हणजे स्क्रू पुन्हां आवळावयाचा. दिवसाउजेडीं हें पांच-दहा मिनिटांचें काम. अंधारांत, पावसांत आणि मागें काकूंचा घरघरणारा श्वास ऐकत असतां माझे हात चालेनात. वहिनींनीं तोंवर 108 ला फोन केला होता. रुग्णवाहिका आली आणि काकू रुग्णालयांत पोहोंचल्या. त्या आज बऱ्या आहेत, हें आमचें भाग्य. माझी हुशारी नव्हे.

दुसऱ्या दिवशीं गाडी उघडून पाहिली तेव्हां सारा उलगडा झाला. डिझेल कोणत्या टाकींतून ओढावयाचें हें ठरविणारा कॉक आसनाखालीं आहे. कांट्यानें कोणती टाकी दाखवावयाची हें ठरविणारा खटका समोरच्या फळीवर आहे. दोहोंचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं. पुतण्यानें कॉक फिरविला, खटका तसाच राहिला. इंजिन मागलें डिझेल पीत होतें आणि कांटा पुढल्या टाकीची ग्वाही देत होता. कांटा खोटें बोलला नाहीं. आम्हीं त्याला जें विचारलें, त्याचेंच उत्तर त्यानें दिलें. विचारणेंच चुकलें होतें.

ह्या कांट्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. टाकींत एक तरंगता गोळा असतो, त्याला एक दांडी जोडलेली असते. डिझेल उतरेल तसा गोळा खालीं येतो, दांडीचें टोंक तारेच्या वेटोळ्यावर सरकतें आणि विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा कमी-अधिक होतो. त्या प्रवाहानुसार समोरचा कांटा हलतो. जुन्या गाड्यांत कांट्यामागें दोन धातूंची जोडपट्टी असते. ती प्रवाहानें तापून वांकते, म्हणून कांटा हळूंहळूं चढतो. चावी फिरवितांच दिसलेला आंकडा खरा मानूं नये, तो ह्यासाठींच. शिवाय कांटा खोली मोजतो, लिटर मोजीत नाहीं. टाकी वर रुंद व तळाशीं अरुंद असेल, तर वरची अर्धी खोली पुष्कळ पुरते आणि खालची अर्धी भर्रकन संपते. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढतांना डिझेल टाकीच्या मागल्या बाजूस सरकतें आणि कांटा कांहींतरी भलतेंच सांगतो. सपाट जागेवर गाडी उभी करून पाहिलेलें मापच काय तें विश्वासाचें.

दोन टाक्यांची ही सोय आपल्याकडे विरळाच. महिंद्र कंपनीनें 1947 सालीं ज्या विलीज जीपची जुळणी आरंभिली, तिच्या युद्धकालीन अवताराला चालकाच्या आसनाखालीं सुमारें 57 लिटरांची एकच टाकी असे. राखीव म्हणून पाठीमागें 20 लिटरांचा डबा बांधीत. नाशिकच्या कारखान्यांत तयार होऊन 2002 सालीं बाजारांत आलेल्या स्कॉर्पिओलाहि टाकी एकच होती. हमरस्त्यावर जागोजाग पंप असतां दुसरी हवी कशाला? ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत मात्र दोन पंपांमध्यें शेंकडों किलोमीटर वाळवंट पसरलेलें असतें. तेथें विकल्या जाणाऱ्या टोयोटा लँड क्रूझरच्या ‘ट्रूप कॅरियर’ नमुन्याला 90 लिटरांच्या दोन टाक्या देतात.

अशा गाड्यांचे स्थूलमानानें तीन प्रकार पडतात. पहिल्यांत कॉकनें किंवा विजेच्या झडपेनें एक टाकी बंद करून दुसरी उघडतात. डिझेलच्या गाडींत इंजिनाकडून उरलेलें डिझेल परत टाकींत येत असतें. त्याची नळीहि बरोबरच फिरली पाहिजे, नाहींतर एका टाकींतून ओढलेलें दुसरींत सांचून ओसंडूं लागेल. दुसऱ्या प्रकारांत इंजिन नेहमीं मुख्य टाकींतूनच घेतें, आणि दुय्यम टाकींतलें डिझेल एक लहान पंप मुख्य टाकींत आणून सोडतो. तिसऱ्यांत दोन्ही टाक्या नळीनें जोडलेल्या असून त्या एकच असल्यासारख्या वागतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हें विकत घेण्याच्या दिवशींच विचारावें.

कांट्यावर विसंबूं नये म्हणून काठीनें मापावें, असें कोणी म्हणेल. तें रास्तच आहे; पण मापानंतरचें गणितहि नीट हवें. ओझर येथें विमानांचा मोठा कारखाना असल्यानें आमच्याकडे विमानाच्या गोष्टींना तोटा नाहीं. त्यांपैकीं एक परदेशची, 1983 सालची आहे. कॅनडाच्या एका नव्या बोइंग 767 विमानाचे इंधनदर्शक कांटे बंद होते, म्हणून मापपट्टीनें मोजून इंधन भरलें. लिटरांचे किलोग्रॅम करतांना गुणक मात्र पौंडांचा धरला गेला. जरूर होतें त्याच्या निम्म्यानेंच इंधन घेऊन विमान उडालें आणि आकाशांत दोन्ही इंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं तें तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरविलें, सर्वजण वाचले.

आमच्या घरीं आतां कांहीं नेम ठरले आहेत. पहिला : कॉक फिरविला कीं त्याच क्षणीं खटकाहि फिरवावयाचा. दुसरा : लांबच्या प्रवासांत मागली टाकी आधीं वापरावयाची आणि तळ गांठण्यापूर्वींच पुढलीकडे वळावयाचें. कॉक किंवा पंप बिघडलेला असेल तर तें घराजवळच, मुख्य टाकी भरलेली असतां कळतें. उलट केलें तर तें रानांत कळतें. तिसरा : मागल्या टाकींतलें डिझेल महिनोन्महिने तसेंच राहूं द्यावयाचें नाहीं. अर्धवट रिकाम्या टाकींत हवेंतील ओल धरते, पाणी तळाशीं सांचतें आणि ऐन वेळीं तें फिल्टरांत येतें. चौथा : दोन्ही टाक्या एकदां वेगवेगळ्या भरून, किती लिटरांना कांटा कोठें येतो हें कागदावर लिहून ठेवावयाचें.

पांचवा नेम मात्र वहिनींचा. त्या प्रसंगानंतर आम्ही पुरुषमंडळी दोन दिवस दोष कोणाचा ह्याची चर्चा करीत होतों. पुतण्या म्हणे, “काकांनीं कॉक पाहावयास हवा होता.” मी म्हणें, “त्यानें सांगावयास हवें होतें.” वहिनी पोळ्या लाटतां लाटतां म्हणाल्या, “भावजी, आमच्याकडेहि गॅसच्या दोन बाटल्या आहेत. त्यांना तर कांटाहि नाहीं. पंधरा माणसांच्या घरांत आजवर एकदां तरी स्वयंपाक अडला का?” आणि त्यांनीं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट केलें. बाटली लावल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते, मग ती कोणत्याहि सुनेनें लावलेली असो. आणि पहिली संपतांच त्याच दिवशीं नवी मागविली जाते. “दुसरी बाटली आहे म्हणून निश्चिंत राहिलें, कीं एकच बाटली उरते,” असें त्या म्हणाल्या.

एकत्र कुटुंबांत दुसऱ्या टाकीचा मोठा मोह असतो. ‘कोणीतरी भरली असेल, कोणीतरी सांगितलें असेल’ ह्या भरंवशावर चौघे चालवितात आणि पाहत कोणीच नाहीं. आतां गाडीच्या खणांत एक वही आहे. उतरतांना प्रत्येकानें तारीख, कॉकची बाजू आणि भरलेले लिटर लिहावयाचे, मग तो अण्णा असोत कीं कॉलेजांतला मुलगा. पहिली ओळ अण्णांनीं स्वतःच्या हातानें लिहिली. काकू परवां डॉक्टरांकडे निघाल्या तेव्हां गाडींत बसण्यापूर्वीं त्यांनीं मला विचारलें, “वही पाहिलीस ना रे?” मीं पाहिली होती.