आईचा टीव्ही, आपला पूल आणि बारा मिनिटं

मंडळी, पोस्ट जरा लांबलीय. पण तुमच्या घरातल्या रिमोटबद्दल आहे, तेव्हा वाचाच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी सहाला आईने टीव्ही लावला. मामांचं त्या दिवशी डायलिसिस होतं, ते पलीकडच्या गावाहून पहिल्या एसटीने येणार होते. आपल्या पुलावरून पाणी चाललंय का, एवढंच तिला बघायचं होतं. बातम्यांच्या सगळ्या मराठी वाहिन्या तिने फिरवल्या. एकीवर आदल्या रात्रीच्या पक्षप्रवेशावर चर्चा, एकीवर राशिभविष्य, एकीवर मुंबईत हिंदमाताला पाणी साचल्याचं लाइव्ह. हिंदमाताला पाणी साचतं हे आता आपल्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. आपल्या पुलाचं नावसुद्धा कुठे नव्हतं. आई म्हणाली, "काही दाखवत नाहीत म्हणजे बरं असेल." मामा एसटीत बसले. पूल पाण्याखाली होता. ड्रायव्हर शहाणा, त्याने गाडी अलीकडेच उभी केली. मामा चार तास तिथे बसून शेवटी घरी परत गेले. दुसऱ्या दिवशी जीप करून लांबच्या रस्त्याने आणलं. निभावलं, एवढंच.

आता यातली शरमेची बाब सांगतो. पुलाचा व्हिडिओ पहाटे साडेपाचला मीच पाठवला होता. तेव्हा मी एका वाहिनीचा तालुका प्रतिनिधी होतो. डेस्कवरून उलटा प्रश्न आला, "कोणी वाहून गेलं का?" मी म्हणालो, नाही. "मग बघू." दहा वाजता पुन्हा फोन, "पाहणीला मंत्री येणार आहेत का? आले तर बूम घेऊन पोहोच." मंत्री आले नाहीत, बातमी लागली नाही. आईला मी घरातून निघतानाच सांगायला हवं होतं, ती चूक माझीच. टीव्हीवर लागेलच, असं मीही धरून चाललो होतो. पंधरा वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाने!

डेस्कवरच्या पोरांना शिव्या देण्यात अर्थ नाही. ते बारा-बारा तास बसतात आणि त्यांच्या डोक्यावर दर आठवड्याला टीआरपी असते. ही टीआरपी येते कुठून? बार्क नावाची संस्था आहे. देशात टीव्ही असलेली घरं २०२० च्या तिच्याच अंदाजाने २१ कोटी, आणि मीटर बसवलेली घरं साधारण ५५ हजारांच्या आसपास. ती घरं कोणती हे गुपित ठेवतात, ठेवायलाच हवं. पण गणित बघा. हजारो घरांमागे एक मीटर. आपल्या पुलापायी आपण सगळ्यांनी एकदम चॅनल बदललं तरी तिकडे काटा हलेल का? जाहिरात देणाऱ्याला पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक हवा असतो, सोयाबीन विकून उधारी फेडणारा नाही. म्हणून हिंदमाता.

बरं, फुकट बघतोय म्हणून गप्प बसावं, तर तसंही नाही. २०१९ मध्ये ट्रायने नवी दरपद्धत आणली तेव्हा मी स्वतः बातमी लिहिली होती, "आता जे बघाल त्याचेच पैसे". १३० रुपये मूळ शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वर निवडलेल्या चॅनलचे वेगळे. प्रत्येक चॅनल सुटं घेता आलं पाहिजे, असा नियम. पुढे २०२४ मध्ये त्या १३० रुपयांवरची मर्यादाही उठली. आमची आई बघते चार चॅनल. सह्याद्री, मालिकांचं एक, बातम्यांचं एक आणि सकाळी भजनाचं एक. बिल येतं साडेतीनशेच्या घरात. केबलच्या पोराला म्हटलं, बाबा, चारच दे. तो हसला. "सर, सुटे कोणीच घेत नाही. पॅक घ्या, स्वस्त पडतंय." त्यात कानडी कार्टून आहे, तीन भाषांतले सिनेमे आहेत. आईला विचारलं, कानडी येतं का? म्हणाली, "तुझ्या बापालाच धड मराठी समजत नव्हती."

त्या पोराचाही दोष नाही. त्यालाही वरून पॅकच येतं. आपण मात्र भांडतो त्याच्याशीच, कारण तोच दारात येतो. चॅनलचा नंबर बदलला, त्याला झापा. मॅचच्या वेळी चित्र गोठलं, त्याला झापा. वाडी-वस्तीवरचे बरेच जण वैतागून दूरदर्शनच्या फ्री डिशवर गेलेत. एकदा छत्री बसवली की दरमहा काही नाही. पण आईची मालिका त्यावर नाही, म्हणून आम्ही अजून पॅकवाले.

त्या मालिकेचंही ऐका. गेल्या आठवड्यात दोन दिवस मोबाइलचं स्टॉपवॉच लावून आईशेजारी बसलो. संध्याकाळी सात ते आठ. जाहिराती, "आज रात्री नऊ वाजता", "महाएपिसोड रविवारी" असल्या स्वतःच्याच झैराती, सगळं धरून पहिल्या दिवशी १९ मिनिटं, दुसऱ्या दिवशी १८ च्या वर. वर सुनेच्या चेहऱ्यावर तीनदा विजा कडाडल्या तो वेळ मी धरलेला नाही. आईने ब्रेक लागला की आवाज बंद करायचा आणि तेवढ्यात भाजी निवडायची अशी सवय लावून घेतलीय. एका मालिकेत जुडी निवडून होते!

आता हे बहुतेकांना माहीत नसतं. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलंय की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत. १० मिनिटं धंद्याच्या, २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. २०१३ मध्ये ट्रायने हे सक्तीने लागू करायचा प्रयत्न केला, तर वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. म्हणणं काय, आमचं उत्पन्नच जाहिरातींवर चालतं. प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. छोट्या वाहिन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मी आतून बघितलंय. प्रतिनिधीचं मानधन थकतं ते उगीच नाही. पण मग आमच्याकडून पॅकचे पैसे कशाचे घेता?

आणखी एक. २०२१ पासून तक्रारीचा नियमही आहे. कार्यक्रम किंवा जाहिरातींच्या संहितेचा भंग झाला असं वाटलं तर थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाही दिला किंवा पटला नाही, तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. आपल्या गावातून अशी तक्रार कोणी केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. आपण पारावर बसून "मीडिया विकला गेलाय" म्हणतो आणि घरी जाऊन तेच लावतो. मीही त्यातलाच.

पूल का दाखवला नाही, याची तक्रार या नियमात बसत नाही, हे मला कळतं. कोणती बातमी घ्यायची हा त्यांचा अधिकार आहे आणि तो राहावा. सरकारने बातम्या ठरवलेल्या मला तरी चालणार नाहीत. पण मिनिटं मोजता येतात, पॅकचे पैसेही मोजता येतात. तेवढं तर विचारूच.

तर मी परवा दोन कागद पाठवलेत. एक वाहिनीकडे, दोन दिवसांच्या मिनिटांच्या नोंदीसह, तारीख-वेळ लिहून. दुसरा केबल कंपनीकडे, चार सुटे चॅनल आणि त्यांचा लेखी दर मागणारा. दोन्हींवर सही आईची, कारण कनेक्शन तिच्या नावावर आहे. सही करताना तिने विचारलं, "मालिका बंद तर नाही करणार ना रे?"

वाहिनीकडून पोच आलीय. पंधरा दिवस मोजतोय. काय उत्तर येईल ते इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो. तोपर्यंत तुमच्याकडे कोणी एक तास घड्याळ लावून बसणार असेल तर आकडा कळवा. वार आणि वेळ मात्र नक्की लिहा.