विटेवरचा देव थांबेल, मोतीबिंदू थांबणार नाही



फाल्गुन सरत आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगावी वारीची भाषा सुरू होते. कोणी शेगावहून श्रींच्या पालखीबरोबर जायचे ठरवतो, तर कोणी मलकापूर-चिखलीच्या वाटेवर मुक्ताईंच्या पालखीची वाट पाहणार असतो. पताका धुतल्या जातात, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात. त्याच घरात ओट्यावर बसलेली म्हातारी आई आवाजावरून माणूस ओळखत असते. चहाचा कप हातात दिला तर धरते, समोर ठेवला तर चाचपडते. तिला मोतीबिंदू आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. दोन वर्षांपासून ठाऊक असते आणि दोन वर्षांपासून उत्तरही एकच असते, "पाहू वारी झाल्यावर."

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे.

आपला संप्रदाय ज्याच्या अंगणात उभा राहिला, त्या पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण अर्धीच लक्षात ठेवतो. देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली, देव विटेवर उभा राहिला, इतके आपल्याला पाठ आहे. देव आला तेव्हा पुंडलिकाचे हात कशात गुंतले होते? आईबापांच्या सेवेत. आणि त्याआधीचा पुंडलिक कसा होता? कथा सांगते की तो काशीला निघालेला यात्रेकरू होता आणि आईबापांची हेळसांड करणारा मुलगाही होता. यात्रा आणि हेळसांड त्याच्या ठायी एकाच वेळी नांदत होत्या. वाटेत डोळे उघडले, तेव्हा तो यात्रा सोडून आईबापांकडे वळला. त्या वळण्यातून पंढरी झाली. मग आज आईला अंधारात ठेवून जो वारीला निघतो, तो कोणत्या पुंडलिकाच्या मागे चालला आहे, पहिल्या की दुसऱ्या? हा प्रश्न प्रत्येकाने टाळ हाती घेण्याआधी स्वतःला विचारावा.

आता आपल्याकडची ठरलेली कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण, "अजून पिकला नाही." हे जुन्या काळचे बोलणे आहे. त्या काळी मोतीबिंदू घट्ट झाल्यावर काढणे सोपे जाई, म्हणून थांबावे लागे. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की तीच वेळ. पिकू देण्यात तोटाच आहे. जून झालेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. कधी तो डोळ्यात सुजतो किंवा पाझरतो, आतला दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकतो आणि कायमचा जाऊ शकतो. कापूस पिकायची वाट आपण पाहतो ती वेचण्यासाठी. आईचा डोळा पिकायची वाट कशासाठी पाहायची?

दुसरे कारण खुद्द म्हाताऱ्यांच्या तोंडचे. "आता मले काय पाहाचं राह्यलं बाप्पा? कायले डोये कापता?" मुलगा हे ऐकतो आणि सुटल्यासारखा गप्प बसतो. म्हणतो, आईच नको म्हणते. अहो, ती नको म्हणते ते भीतीने आणि तुमच्या खर्चाच्या काळजीने. तिने लहानपणी आपल्या आजीचे ऑपरेशन पाहिलेले असते. दोन्ही डोळ्यांना पट्टी, कित्येक दिवस उताणे पडून राहणे, नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तिला वाटते आजही तेच होणार. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९४९ साली केली. ते भिंग गरिबाच्या आवाक्यात येण्यास आणखी चार दशके लागली. मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले आणि १९९२ पासून त्यांच्याच संस्थेत भिंगे तयार होऊ लागली, तेव्हा ती स्वस्त झाली. आज डोळा बधिर करून साधारण पंधरा-वीस मिनिटांत काम होते, अनेकदा टाकाही लागत नाही, आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. हे आईला कोणी सांगितले का? भीती घालवणे हे मुलाचे काम आहे. भीतीचा आडोसा घेणे हे नव्हे.

तिसरे कारण पैशाचे. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. खर्च होतो तो सोबत जाणाऱ्याच्या मजुरीचा आणि गाडीभाड्याचा. तेवढा आपण वारीच्या पिशवीत दरवर्षी बाजूला काढतोच.

चौथे कारण सर्वांत बिकट, कारण ते आपल्यातलेच लोक देतात. "प्रारब्धाचे भोग आहेत, नाम घ्या. गुलाबराव महाराजांना कुठे डोळे होते?" श्री गुलाबराव महाराज आपल्या विदर्भाचे भूषण. तान्हेपणीच दृष्टी गेली आणि तरी ते प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले गेले. पण त्यांचे नाव या कामासाठी वापरणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्या अंधत्वावर उपाय नव्हता. तुमच्या आईच्या अंधत्वावर आहे. शिवाय त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारी माणसे होती. तुमच्या घरात आईला हरिपाठाशेजारी बसून पोथीची एक ओवी कोणी वाचून दाखवतो का? ज्याला स्वतःच्या दाढदुखीवर प्रारब्ध आठवत नाही, त्याने आईच्या डोळ्यावर ते सांगू नये.

आपल्या संतपुरुषांनी देह आणि भक्ती अशी फारकत केलेली नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, त्या थकल्या-भागल्या देहांसाठीच. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाच्या शुकदास महाराजांनी रुग्णसेवेलाच पूजा मानले. आणि आपल्याच मराठवाड्यातून पुढे आलेले डॉ. तात्याराव लहाने पाहा. १९९५ साली आईने त्यांना स्वतःचे मूत्रपिंड दिले. त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका आईने लेकासाठी देहाचा भाग काढून दिला. आपल्याकडे आई मागते काय, दोन दिवस सोबत.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघाले. म्हणजे तीन आंधळ्या म्हाताऱ्यांपैकी दोघे उपायाअभावी अंधारात आहेत. आपल्या दिंडीतही हेच प्रमाण असेल, तर देवाच्या रूपाचे गुणगान करणाऱ्या आपल्या मेळ्यात किती जणांना ते रूप नुसते धुक्यासारखे दिसत असेल? महिनाभर पायपीट करायची, रांगेत तासन् तास उभे राहायचे, आणि गाभाऱ्यात पोचल्यावर काळी सावली पाहून परतायचे. लेकरांनो, हे आपण होऊ देतो.

सेवा म्हणजे पैसे पाठवणे नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पुण्यातून मोबाईलवर पैसे टाकले की पुंडलिक होत नाही. या शस्त्रक्रियेत डॉक्टरांचे काम अर्ध्या तासाचे आहे, घरच्यांचे दीड महिन्याचे. ते कसे, ते नीट समजून घ्या.

आधी तपासणीत सोबत जा. अंधुक दिसणे म्हणजे दरवेळी मोतीबिंदू नसतो. काचबिंदू असू शकतो, साखरेने पडदा बिघडलेला असू शकतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणावा लागतो. एकादशीच्या उपवासाला गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. वडिलांना लघवीच्या त्रासाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना जरूर दाखवा. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा सैल पडू शकतो आणि डॉक्टरांना तयारी ठेवावी लागते. डोळ्यात अंगारा, मध किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नका. त्यातल्या काही थेंबांनी काचबिंदू होतो.

घरी आल्यावर खरी कसोटी. चार ते सहा आठवडे वेळेवर थेंब घालायचे, दरवेळी हात साबणाने धुऊन, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटे सोडून. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, त्याला स्वतःला हे जमत नाही. डोक्यावरून पाणी नाही, चुलीचा धूर नाही, शेतातली धूळ नाही, डोळा चोळणे नाही, ओझे नाही. आपल्या घरात आणखी काही गोष्टी सांभाळायच्या. कपाळी बुक्का लावताना तो डोळ्यात सांडतो, तो काही दिवस बंद. देवापुढे माथा टेकून किंवा कोणाच्या पायाशी वाकून नमस्कार करणे डॉक्टर सांगतील तोवर नाही, हात जोडले तरी देवाला पोचते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

"शिबिरात डोळे जातात" अशी भीतीही बोलली जाते. ती अगदीच निराधार नाही, निष्काळजीपणाने डोळे गेल्याच्या घटना देशात झालेल्या आहेत. म्हणूनच गावात फक्त तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या निर्जंतुक खोलीतच व्हावी. मंडपात चिरा देणारा कोणी आला तर त्याला वाटेला लावा. पण या भीतीपायी रुग्णालयाची वाटही सोडू नका.

आणि एक बोचणारी गोष्ट. घरात बापाचा डोळा आधी होतो, आईचा राहून जातो. तिचे चुलीपाशी भागते असे आपण म्हणतो. भाजलेली बोटे पाहा तिची, मग सांगा भागते का.

शेवटी दिंडीचालकांना आणि सप्ताह करणाऱ्या मंडळींना विनंती नव्हे, आग्रह आहे. सप्ताहात मंडप, भोंगे, महाप्रसाद यांवर किती खर्च होतो ते आपण जाणतो. त्यातला एक दिवस नेत्रतपासणीला द्या. गहू-हरभरा निघाला की गावातल्या अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा. ज्यांची मुले बाहेरगावी आहेत किंवा ज्यांना मूलच नाही, त्यांच्यासोबत दिंडीतला एकेक तरुण बुलढाण्याला किंवा खामगावच्या रुग्णालयात पाठवा, आणि थेंब घालायला रोज कोण जाणार हे कीर्तनाच्या पाळीसारखे ठरवा. दिंडीत पाळी चुकली तर आपण जाब विचारतो. इथेही विचारा.

वारी चुकेल या भीतीने कोणी आईचा डोळा पुढे ढकलू नये. डॉक्टरांनी यंदा चालू नका म्हटले तर यंदा चालू नये. तुम्हीही तिच्यापाशी थांबा. तुमची दिंडी पुढे जाईल, पालखी पुढे जाईल. विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे, त्याला एका आषाढीचे काही वाटणार नाही. थांबायची सवय त्याला एका मुलानेच लावली आहे.