साथ ओसरली, पहारा उठू नये!

५ डिसेंबर २०२१ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये ओमायक्रॉनचे सहा रुग्ण निष्पन्न झाले. नायजेरियाहून आलेल्या तिघी आणि त्यांचे तीन निकटवर्तीय. हा प्रकार ओळखला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील जनुकक्रम-वाचनाने.

एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले, की प्रती निघताना त्यांच्या जनुकसाखळ्यांची सरमिसळ होऊ शकते. २०२२ मधील ‘एक्सबीबी’ हा असाच संकर. तो तापमापकाने कळत नाही. जनुकक्रम वाचावाच लागतो. देशभरातील कामगार आणि परदेशी पाहुणे जिथे एकत्र येतात, त्या चाकण परिसरात तर ही दक्षता अधिकच हवी. चोरी झाली नाही म्हणून पहारेकरी घरी धाडणे शहाणपणाचे नव्हे. रुग्णनमुने व सांडपाणी यांची नियमित तपासणी चालूच राहिली पाहिजे!