दुसरा कौल

प्रारंभीच्या अवस्थेतील फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार आणि प्रतिकारशक्ती जागविणारे औषध ही दोन शस्त्रे एकदम चालविली, तर रोग परतण्याचे प्रमाण पुष्कळच घटते, असे अनुमान २०२३ साली ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉ. जो चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील तीन रुग्णालयांत ही चाचणी घेतली होती. रोग परतणे, फुप्फुसात नवा कर्करोग उद्भवणे अथवा मृत्यू ओढवणे यांपैकी काहीही न घडता चार वर्षे पार पाडणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या किरणोपचाराने ५३ टक्के, तर औषधाची जोड दिल्यास ७७ टक्के भरले. एवढी तफावत कर्करोगाच्या क्षेत्रात क्वचितच पाहावयास मिळते. त्या बातमीने अनेकांच्या आशा पालवल्या असतील, तर त्यात नवल नाही.

हे रुग्ण कोण, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. गाठ लहान असेल आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली नसेल, तर शस्त्रक्रियेने ती काढून टाकणे हा रूढ मार्ग. परंतु सत्तरी-पंचाहत्तरी गाठलेला, हृदयाने अधू झालेला, दम लागून दोन पायऱ्याही न चढू शकणारा माणूस शस्त्रक्रियेच्या मेजावर घेण्यास शल्यविशारद धजत नाहीत. अशांसाठी गेल्या तीन दशकांत अचूक लक्ष्यवेधी किरणोपचाराची पद्धत विकसित झाली. श्वासागणिक गाठ किती सरकते, याचे मोजमाप घेऊन अनेक दिशांनी बारीक किरणशलाका तिच्यावर एकवटतात. टेक्सासच्या चाचणीत चार बैठकांत ५० ग्रे किंवा दहा बैठकांत ७० ग्रे एवढी मात्रा दिली गेली. मूळ गाठ या माऱ्यापुढे बहुधा टिकत नाही. दुर्दैव असे की, डोळ्यांना न दिसणारे काही पेशीसमूह आधीच पसार झालेले असतात आणि वर्षा-दोन वर्षांनी रोग दुसरीकडेच डोके वर काढतो.

औषधाची गरज भासते ती येथे. आपल्या रक्तातील संरक्षक पेशींना स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने काही लगाम घातले आहेत. त्यांपैकी पीडी-१ नावाचा लगाम क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधला आणि पुढे २०१८ साली अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. कर्करोगाची पेशी हाच लगाम खेचून पहारेकऱ्यांना गप्प बसविते; निव्होलुमॅबसारखे औषध तो सैल करते. किरणांनी गाठ फुटली की तिचे अवशेष संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवितात, जणू शरीरातच लस टोचली जाते, अशी ही उपपत्ती. ती मोठी मोहक आहे आणि तिच्या मोहकतेपासूनच सावध राहावयास हवे.

आमच्याकडे देवाला कौल लावताना पहिली पाकळी उजवी पडली म्हणून शहाणा माणूस लगेच उठून चालू लागत नाही. वैद्यकशास्त्रातही दुसरा कौल घ्यावाच लागतो. तो पेम्ब्रोलिझुमॅब या त्याच जातीच्या औषधाने घेतला गेला. तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या रुग्णांपैकी काहींना किरणोपचारासोबत औषध आणि काहींना निरुपद्रवी बनावट औषध देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये औषध बनविणाऱ्या मर्क कंपनीनेच चाचणी थांबवीत असल्याचे जाहीर केले. रोग रोखण्यात वा आयुष्य वाढविण्यात लाभ दिसला नाही. उलट औषध घेणाऱ्यांत दुष्परिणाम, आणि मृत्यूस कारण झालेले दुष्परिणामही, अधिक आढळले. पहिल्या बातमीला जेवढा गाजावाजा लाभला, त्याच्या चतुर्थांशही या बातमीच्या वाट्याला आला नाही. यात आम्हा वृत्तपत्रांचाही दोष आहे, हे कबूल केले पाहिजे.

मग पहिली चाचणी खोटी होती काय? मुळीच नाही. परंतु ती लहान होती. १५६ जणांची निवड झाली, त्यांपैकी १४१ जणांनी नेमून दिलेला उपचार घेतला आणि वर दिलेले आकडे त्यांचे आहेत. कोणाला औषध मिळते आहे, हे रुग्णाला व डॉक्टरला ठाऊक होते. औषधही चारच वेळा दिले गेले, तर दुसऱ्या चाचणीत ते सुमारे वर्षभर देण्याची योजना होती. थकल्या देहाला तेवढा भार पेलवला नसेल, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच. या दोन उपायांची सांगड सर्वत्रच फोल आहे, असेही कोणी समजू नये. तिसऱ्या अवस्थेतील, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांना किरण व रसायनोपचारानंतर दिलेल्या दुर्व्हालुमॅबने आयुष्य वाढते, हे सिद्ध झाले आहे. रोगाची अवस्था बदलली की हिशेब बदलतो, एवढेच.

हा हिशेब आमच्या घरांपर्यंत येतो म्हणूनच हा प्रपंच. म्हातारपणी वडिलांच्या छातीत गाठ निघाली की मुलगे परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात, आणि कोणीतरी सांगितलेल्या लाखमोलाच्या सुईसाठी बागायत गहाण टाकण्याची भाषा घरात सुरू होते. प्रारंभीच्या गाठीवर किरणोपचाराबरोबर ही सुई आज चाचणीबाहेर घेण्यास आधार नाही, हे त्या मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवे. लेकरांनी कर्तव्यात कसूर केली, असा सल मनात ठेवण्याचे काहीच कारण नाही.

किमतीचा प्रश्न सुटणारच नाही, असे नव्हे. टाटा रुग्णालयाच्याच डॉक्टरांनी डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, इतर औषधांच्या जोडीने देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा रोग निराळा, अवस्था निराळी. म्हणून तो निष्कर्ष फुप्फुसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु आपल्या खिशाला साजेसे प्रश्न आपणच विचारावे लागतात, हे मुंबईकरांनी दाखवून दिले.

सर्वांत कठीण गाठ मात्र वेगळीच आहे. ‘प्रारंभीची अवस्था’ हे शब्द आमच्या बहुसंख्य रुग्णांच्या कागदांवर उमटतच नाहीत. खोकला व वजन घटणे दिसले की क्षय समजून औषधे सुरू होतात, महिने निघून जातात आणि रोग कळतो तेव्हा तो पसरलेला असतो. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्यांवर तर संशयही घेतला जात नाही. अमेरिकेप्रमाणे सी. टी. स्कॅनने शोध घ्यावा, तर जुन्या क्षयाचे व्रण पदोपदी चकवितात. तेव्हा निदान इतके तरी आरोग्य खात्याने करावे: थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसताना ज्याला क्षयाची औषधे दिली आणि सहा-आठ आठवड्यांत ज्याची छाती सुधारली नाही, असा चाळिशीपुढील प्रत्येक रुग्ण प्राथमिक केंद्राने सी. टी. स्कॅनसाठी बांबोळीस पाठवावा, त्या प्रवासाचा व तपासणीचा भार सरकारने उचलावा, आणि अशा किती जणांना पाठविले याची नोंद दर तिमाहीस जाहीर करावी.